बॅटल फॉर वेस्नॉथ

बॅटल फॉर वेस्नॉथ हा आळीपाळीने चाली करत खेळायचा, युद्धनीतीचा मुक्त संगणक खेळ आहे. डेव्हिड व्हाइट या प्रोग्रामरने त्याची पहिली आवृत्ती जून २००३ मध्ये काढली. सेगा कंपनीच्या खेळयंत्रावर चालणारे ‘मास्टर ऑफ मॉन्स्टर्स’ आणि ‘वॉरसाँग’ हे जुने जपानी खेळ त्याच्या डोळ्यांसमोर होते. १.० ही आवृत्ती ऑक्टोबर २००५ मध्ये आली. खेळ मुख्यतः सी++ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला असून त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर तो चालतो. त्याला पैसे पडत नाहीत, पण त्याचे मोठेपण त्यात नाही. या खेळात खेळाडूपासून काहीच लपवलेले नाही, ना नियम, ना आकडे, ना कोड.

पट षटकोनी घरांचा. सेनापती गढीत उभा राहून सोने मोजतो आणि शेजारच्या तटबंदीच्या घरांत सैनिक भरती करतो. गावे ताब्यात घेतली की उत्पन्न वाढते, आणि गावात मुक्काम केलेल्या जखमी सैनिकाचे दर पाळीला ८ जीवनगुण भरून येतात. शत्रूच्या सैनिकाला लागून असलेल्या घरात पाऊल टाकले की पुढची वाट बहुधा तिथेच अडते. त्यामुळे मोजके तीन-चार सैनिक योग्य अंतरावर उभे केले तरी अख्खी आघाडी धरून ठेवता येते.

डावाचा खरा कस लागतो तो जमिनीमुळे आणि वेळेमुळे. वार लागणार की हुकणार, हे सहसा ज्याच्यावर वार होतो तो कुठे उभा आहे यावर ठरते. गवताळ मैदानातल्या ऑर्कवर, म्हणजे राक्षसी जमातीच्या सैनिकावर, वार लागण्याची शक्यता ६० टक्के. जंगलात उभ्या असलेल्या एल्फवर, म्हणजे वनवासी जमातीच्या सैनिकावर, तीच ३० ते ४० टक्क्यांपर्यंत खाली येते. दिवसाचे सहा प्रहर असतात: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन. मानवी सैन्यासारखे ‘लॉफुल’ सैनिक दिवसा २५ टक्के जोरात लढतात आणि रात्री तितकेच ढिले पडतात. ऑर्क आणि मेलेल्यांची सेना या ‘केऑटिक’ पक्षांचे नेमके उलट. ऑर्कांचा साधा ‘ग्रंट’ घ्या. बारा मोहरांचा, तलवारीचे दोन वार करणारा. त्याचा एक वार संध्याकाळी ९ जीवनगुण घेणारा, मध्यरात्री ११ चा आणि भर दुपारी फक्त ७ चा. म्हणून ऑर्कांशी लढताना शहाणा खेळाडू अंधार पडायच्या आत जंगलाच्या कडेला मागे सरतो आणि उजाडले की पुढे येतो. नवखे खेळाडू हमखास इथेच फसतात. दुपारी मिळालेल्या यशाच्या भरात ते पुढे धावतात आणि रात्री उघड्या माळावर सापडतात.

हल्ला करण्याआधी दोन्ही बाजूंची टक्केवारी पडद्यावर दिसते. तरीही ७० टक्क्यांचे चार वार ओळीने हुकतात तेव्हा जीव चडफडतो. नशिबाच्या या वाट्याबद्दल खेळाडू वर्षानुवर्षे कुरकुरत आले आहेत, पण मूळ रचना बदललेली नाही. ते योग्यच झाले असे वाटते, कारण हाताशी राखीव सैनिक ठेवण्याची सवय त्यातूनच लागते.

मोहिमांमध्ये, म्हणजे एकाच कथेतल्या सलग लढायांमध्ये, मेलेला सैनिक परत येत नाही. जगलेल्याला मात्र पुढच्या लढाईत २० मोहरा देऊन परत बोलावता येते. अनुभव साठला की त्याची बढती होते: एल्फ ‘फायटर’चा ‘कॅप्टन’ करायचा की ‘हीरो’, हे खेळाडूने ठरवायचे. ‘एअर टू द थ्रोन’ या जुन्या मोहिमेत एल्फांमध्ये वाढलेला राजपुत्र कॉनराड आणि त्याचा वृद्ध गुरू डेल्फाडोर गादीच्या शोधात निघतात. सुरुवातीपासून सोबत असलेला एखादा धनुर्धर दहाव्या लढाईत पडला की खेळाडू हळहळतो, आणि बरेच जण गुपचूप आधी साठवून ठेवलेला डाव उघडतात.

सैनिक आणि मोहिमा डब्ल्यूएमएल या खेळाच्या स्वतःच्या भाषेत, साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेल्या असतात. ग्रंटची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर त्याचे ३८ जीवनगुण, किंमत आणि तलवारीचे आकडे ओळीने दिसतात. ३८ चे ६० करून फाइल साठवली की पुढच्या डावात तो अधिक चिवट झालेला असतो. नकाशाही तसाच: प्रत्येक घरासाठी अक्षरांची एक खूण, मधे स्वल्पविराम. प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनीही यातून मोहिमा रचल्या आहेत, आणि त्या खेळाच्या आतूनच उतरवून घेता येतात. कोडमध्ये हात घालणाऱ्यांत मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतले एरिक रेमंडही होते.

संवाद आणि सूचना गेटटेक्स्ट या भाषांतरासाठीच्या पद्धतीने वेगळ्या फाइलींत ठेवलेल्या असल्यामुळे खेळ तीसहून अधिक भाषांत गेला आहे. मूळ ओळ वर, भाषांतर खाली, अशी त्या फाइलींची मांडणी. त्या भरायला भाषा नीट यावी लागते, कोड नव्हे.