साइट एकदा चालते, एकदा नाही? फाइलींचा क्रम तपासू
देखभाल करारातील ग्राहकांसाठी माहिती

"सकाळी मेनू उघडत नव्हता. रिफ्रेश केलं तर उघडला. आता परत बंद." असा फोन आला की आम्ही सर्व्हरकडे नंतर बघतो, आधी जावास्क्रिप्ट फाइलींचा, म्हणजे पानावरची हालचाल घडवणाऱ्या कोडच्या फाइलींचा, क्रम बघतो.

मेनू, फोटोंची सरकती पट्टी, चौकशीचा फॉर्म हे सगळं बऱ्याच साइटींवर जेक्वेरी नावाच्या तयार जावास्क्रिप्ट कोडच्या जिवावर चालतं. म्हणजे जेक्वेरी आधी यायला हवी. तिची फाइल सुमारे ८५ केबी, सरकत्या पट्टीची समजा ५. पानात या दोन्ही फाइली जोडणाऱ्या ओळींत 'असिंक' लिहिलेलं असेल तर जी आधी उतरेल ती आधी चालते. मंद नेटवर लहान फाइल पुढे निघते, तिला जेक्वेरी सापडत नाही आणि ती तिथेच मान टाकते. रिफ्रेश केल्यावर दोन्ही ब्राउझरच्या कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या प्रतींमधून येतात, म्हणून कधीकधी काम होऊन जातं. बिघाड मात्र जागच्या जागी असतो.

असिंकऐवजी 'डिफर' लावलं तर फाइली पानात लिहिलेल्या क्रमानेच चालतात, तेही पान पूर्ण वाचून झाल्यावर. मग सगळीकडे डिफर लावून मोकळं व्हावं? साइट वेगवान करणारी काही प्लगइनं (साइटला वरून जोडायचे तयार भाग) नेमकं हेच करतात आणि आमची बरीचशी कामं तिथूनच सुरू होतात. डिफर लागू होतं ते फक्त वेगळ्या फाइलीला. पानातच लिहिलेला चार ओळींचा कोड त्याला जुमानत नाही. ब्राउझरला वाटेत दिसला की लगेच चालतो, तेव्हा जेक्वेरी अजून मागेच असते. असा कोड आम्ही वेगळ्या फाइलीत काढतो, तिलाही डिफर लावतो आणि जेक्वेरीच्या खाली ठेवतो. वर्डप्रेसवर बनवलेल्या साइटमध्ये तर फाइल जोडतानाच 'हिला जेक्वेरी लागते' असं सांगायची सोय आहे. ती वापरली की क्रम वर्डप्रेसच सांभाळतं.

काही जण कोड दोन सेकंद उशिरा चालवून वेळ मारून नेतात. आम्ही ते करत नाही. ऑफिसच्या वायफायवर ते खपून जातं, एसटीत बसलेल्या तुमच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर नाही.

फोन करण्याआधी एक करा. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये पान उघडून एफ१२ दाबा, 'कन्सोल'वर जा आणि पान रिफ्रेश करा. सगळ्यात वरच्या लाल ओळीचा स्क्रीनशॉट पाठवा. खालच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात. 'जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड' असं दिसलं, तर एकतर क्रमाचा घोळ आहे किंवा फाइलच गायब आहे. गेल्या आठवड्यात कुठलं प्लगइन टाकलं किंवा अपडेट केलं, तेही कळवा. लपवू नका, आम्ही रागावत नाही.