गुवाहाटीहून परतताना जास्त वेळ का लागतो?

माझ्या बहिणीची मुलगी गुवाहाटीला शिकते. डिसेंबरच्या सुट्टीत पार्ल्याला आली की चहाआधीच तिची तक्रार सुरू होते, “मावशी, इथून जाताना पटकन पोचते. येताना मात्र विमान नुसतं रेंगाळतं.”

यावर घरोघरी एक उत्तर तयार असतं, पृथ्वी फिरते म्हणून! पण हे उत्तर चूक आहे. दोन्ही शहरांच्या रेखांशांत पावणेएकोणीस अंशांचा फरक आहे आणि पृथ्वीला तेवढं फिरायला सव्वा तास लागतो. म्हणूनच गुवाहाटीत आपल्या कितीतरी आधी उजाडतं. हवा जागच्या जागी थांबून नुसती जमीनच फिरत असती, तर मुंबईला येणाऱ्या विमानाला वरती सव्वा तास तरंगत राहिलं तरी पुरलं असतं, पश्चिमेची मुंबई आपणहून त्याच्याकडे सरकत आली असती. म्हणजे परतीचाच प्रवास झटपट झाला असता! तसं होत नाही, कारण हवाही जमिनीबरोबर फिरते. धावत्या लोकलमध्ये उडी मारली तर आपण मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तसंच.

खरं कारण वाऱ्यात आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर, हिमालयाच्या दक्षिणेला, साधारण 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहत असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. त्याच्या गाभ्यात ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेग सहज असतो. आपली प्रवासी विमानं साधारण याच उंचीच्या आसपास उडतात.

आता हिशेब करू. मुंबई ते गुवाहाटी सरळ हवाई अंतर सुमारे 2,070 किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी 830 धरू. वाटेत सरासरी 100 किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर जमिनीच्या हिशेबात वेग 930 होतो आणि अंतर 2 तास 14 मिनिटांत कापलं जातं. तोच वारा समोरून आला तर वेग 730 उरतो, लागतात 2 तास 50 मिनिटं. छत्तीस मिनिटांचा फरक निव्वळ वाऱ्याचा!

तिकिटावरची वेळ मात्र यापेक्षा जास्त असते, कारण ती चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत मोजतात. रांगेत थांबणं, धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. शिवाय जुहूच्या चौपाटीवर उभं राहून बघा, पूर्वेला जाणारी विमानंही बहुतेकदा आधी समुद्रावर जातात आणि मग वळतात. वारा समुद्रावरून येतो आणि उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करायचं असतं. नागपूरसारख्या जवळच्या प्रवासात ही वेळ फार डोळ्यांत भरते. अंतर जेमतेम 685 किलोमीटर, म्हणजे पूर्ण वेगाने पन्नास मिनिटं, पण तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ दिसते.

पावसाळ्यात चित्र बदलतं. जेट प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर, आणखी उंचावर, पूर्वेकडून येणारा वेगळा जेट प्रवाह उभा राहतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी 1950च्या दशकात तो जगापुढे मांडला. त्या दिवसांत जाण्यायेण्यातला हा फरक पुष्कळ कमी होतो. यंदा भाची जुलैत येणार आहे. चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंतची मिनिटं दोन्ही वेळा लिहून ठेव, असं मी तिला सांगून ठेवलंय.