बोलून मेंदूत काय बदलतं?

‘मेंदूचा आजार आहे, मग नुसतं बोलून काय होणार?’ स्किझोफ्रेनियाच्या (नसलेले आवाज ऐकू येणं, लोक आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं, अशा आजाराच्या) रुग्णाला सीबीटी, म्हणजे विचार तपासून बघायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती, सुचवली की घरचे हमखास असं विचारतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी हा प्रश्न थेट एमआरआय यंत्रात नेला.

सीबीटीत रुग्णाला ‘तुझं खोटं आहे’ असं सांगत नाहीत. ‘शेजारी रागाने बघतात, म्हणजे ते मला मारणार’ असं त्याला वाटत असेल, तर हे कशावरून वाटलं, दुसरं काही कारण असेल का, हे दोघं मिळून तपासतात. म्हणूनच यंत्रात रुग्णांना चेहरे दाखवले: घाबरलेले, रागावलेले, आनंदी, निर्विकार. वीणा कुमारी आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात, ६ ते ८ महिने सीबीटी घेतलेल्या २२ जणांच्या मेंदूचा भीती-रागाच्या चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद काही भागांत ओसरला. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्या १६ जणांत तसं झालं नाही. ही तुलना हवीच, कारण तेच चेहरे पुन्हा बघताना प्रतिसाद नुसत्या सवयीनेही उतरू शकतो.

२०१७ मध्ये याच गटाने मेंदूच्या भागांमधली जोडणी मोजली. ती मोजतात कशी? मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनयुक्त रक्त येतं. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतं. ते कमी झालं की यंत्राला मिळणारा सिग्नल वाढतो, तोही जेमतेम एखादा टक्का आणि पाच-सहा सेकंद उशिरा. दर दोन-तीन सेकंदांनी चित्र घेत गेलं की प्रत्येक ठिपक्याचा आलेख तयार होतो. भीतीशी निगडित अमिग्डाला आणि कपाळामागचा, विचार तोलणारा भाग यांचे आलेख चेहरे बघताना किती एकसाथ हलतात, ती जोडणी. डोकं मिलिमीटरभर हललं तरी सगळे आलेख एकदम उडी मारतात आणि जोडणी नसताना दिसते. म्हणून डोकं तीन दिशांना किती सरकलं, तीन अक्षांभोवती किती वळलं, हे सहा आकडे गणितात घेऊन तो परिणाम वेगळा काढावा लागतो.

सीबीटीनंतर ज्यांची ही जोडणी जास्त वाढली, त्यांनी ८ वर्षांनी आपण जास्त सावरलो असं सांगितलं. पण सीबीटी गटात अवघे १५ जण होते. मेंदूच्या अशा चित्रांत दिसणारा लाल ठिपका म्हणजे पेटलेला दिवा नव्हे, तो संख्याशास्त्रीय फरक असतो. त्यावरून एकट्या रुग्णाचं भविष्य सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आवाज ऐकू येतात म्हणून मांत्रिकाकडे नेण्यात तर उपचाराचे मोलाचे महिने जातात.

आणि दोन्ही अभ्यासांत सीबीटी औषधांच्या जोडीला होती. गोळ्या बंद करायला या चित्रांत कुठलाही आधार नाही.