काकांच्या बेसचा चढा जी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकांच्या बेस गिटारला एक खोड होती. वाजवा न वाजवा, अँप चालू केला की ती आपला एक सूर धरून बसायची. "जी आहे रे," काका म्हणायचे, "पण जरा चढा." (जी म्हणजे पाश्चात्य सप्तकातला एक सूर.) तीस नवरात्री गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बेस धरलेला माणूस. तरी मी ते हसण्यावारी न्यायचो. शेवटी एकदा मोबाइलवरच्या ट्यूनरने मोजलं, आणि गप्प बसलो.

आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा पुढेमागे हेलकावते. बेसच्या सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जो जी लागतो, तो 49 हर्ट्झचा (सेकंदाला 49 हेलकावे). म्हणजे विजेची गुणगुण त्याहून अर्ध्या सुराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने चढी. काकांनी तो जी लावून धरला की दोन्ही आवाज एकमेकांत अडकायचे आणि सेकंदाला एकदा सूर फुगायचा, ओसरायचा. तानपुऱ्याची जोड जुळत आली की अशीच लहर ऐकू येते.

हीच गिटार अमेरिकेत नेली तर खोड तीच, सूर निराळा. तिथली वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण ए शार्प आणि बी या लागोपाठच्या सुरांच्या बरोबर मधे पडेल, म्हणजे कुठल्याच पट्टीत बसणार नाही. जपानचं तर विचारूच नका: देशाच्या पूर्वेला 50, पश्चिमेला 60. आणि काकांची गिटार जपानचीच. हेडस्टॉकवरचं, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावरचं, नाव कधीच घासून गेलंय, पण मानेमागच्या पत्र्यावर 'मेड इन जपान' अजून वाचता येतं.

दिसायला ती हुबेहूब जॅझ बेस. अमेरिकेतल्या लिओ फेंडरच्या गिटार कंपनीने 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि 1960 मध्ये दोन पिकअपांचा (तारेचा आवाज पकडणाऱ्या भागांचा) जॅझ बेस. सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी अशा नामांकित वाद्यांच्या कॉप्यांचा धडाका लावला. मात्सुमोतो हे त्यातलं मोठं गाव. काही कॉप्या इतक्या उत्तम निघाल्या, की 1982 मध्ये फेंडरने स्वतःच जपानमध्ये कंपनी काढून तिथल्या फुजीगेन कारखान्याकडून गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. (बेस बनवणारी एक कंपनी कॅलिफोर्नियात अलेम्बिक नावाचीही आहे. काकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, आपल्या बडोद्यातल्या गोरव्याच्या अलेम्बिक औषधवाल्यांनीच गिटारी काढल्या.)

जुनी जपानी कॉपी विकणारे हल्ली सर्रास 'लॉसूट' (खटला) हा शब्द चिकटवून भाव वाढवतात. खटला झाला होता एकच. 1977 साली अमेरिकी गिटार कंपनी गिब्सनची मालक नॉर्लिन हिने जपानी आयबानेझ गिटारवाल्यांच्या अमेरिकेतल्या एल्गर कंपनीवर दावा लावला आणि तो पुढे कोर्टाबाहेर मिटला. भांडण होतं हेडस्टॉकच्या आकाराचं, आवाजाचं नव्हे. फेंडरच्या कॉपीला तो शब्द लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या खटल्याची तारीख आपल्या दारावर लिहिणं.

कारण कॉपी जे डोळ्यांना दिसतं त्याची होते. काकांच्या बेसमध्ये तारेची 34 इंच लांबी, पडद्यांची अंतरं, पिकअपची जागा, सगळं बिनचूक होतं. चुकलं होतं ते न दिसणारं.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं तेच. पण या वेढ्यांना आपपरभाव नसतो. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्रही ते तितक्याच आनंदाने पकडतात.

अस्सल जॅझ बेसमध्ये यावर एक युक्ती आहे. दुसऱ्या पिकअपचे वेढे पहिल्याच्या उलट दिशेने आणि चुंबकही उलटा. बाहेरच्या गुणगुणीला चुंबकाशी देणंघेणं नाही, ती फक्त वेढ्यांमुळे उलटते. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की एकीची दुसरीशी वजाबाकी होते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटतो, म्हणजे सुलटच राहतो, आणि त्याची बेरीज होते.

मी शाळेतला होकायंत्र काढला. पुढच्या पिकअपवर धरला, सुईचं लाल टोक खाली ओढलं गेलं. मागच्यावर धरला, पुन्हा लालच. कारखान्याने एकच पिकअप दोनदा बसवला होता.

"मग तारा उलट्या जोड," काका म्हणाले.

नुसत्या तारा उलटल्या तर गुणगुण जाते, पण सूरही एकमेकांना खातात आणि बेसचा पार पिपाणी आवाज होतो. करूनही दाखवलं. काकांनी तोंड वाकडं केलं. नशिबाने या पिकअपमध्ये वेढ्यांच्या आत गच्च बसवलेल्या चुंबकाच्या कांड्या नव्हत्या. खाली एकच काळी चपटी सिरॅमिक पट्टी चिकटवलेली होती. जुना गोंद पातळ पात्याने सोडवला, पट्टी पालथी केली, दोन तारांची अदलाबदल केली, डाग दिले. सगळ्यात जास्त वेळ गोंदाने खाल्ला.

दोन्ही पिकअपांच्या आवाजाचे नॉब पूर्ण उघडून अँप लावला. शांत. काकांनी तिसऱ्या पडद्यावरचा जी वाजवला, तो सरळ चालत गेला आणि विरला. मग सवयीने त्यांनी मागचा नॉब थोडा खाली केला आणि घूं परत आली.

"अरे, हे काय?"

"काका, अस्सल जॅझ बेसलाही असंच होतं. दोन्ही सारखे असले तरच वजाबाकी."

"म्हणजे आत्ता कुठे कॉपी पुरी झाली," म्हणत त्यांनी नॉब पुन्हा वर केला.