नवा तारा ‘ठरतो’ कसा? नोवा-सुपरनोवाच्या पडताळणीची पार्श्वभूमी

उत्तर मुकुट तारकासमूहातला टी कोरोनी बोरियालिस हा नोवा, म्हणजे अचानक कितीतरी पट उजळून पुन्हा मंदावणारा तारा, याच दशकात पुन्हा भडकेल, असा अंदाज आल्यापासून इंदूरच्या हौशी आकाशनिरीक्षकांत एक प्रश्न हमखास निघतो: समजा तो पहिल्यांदा आपल्यालाच दिसला, तर? तारा आपल्या सोयीचा आहे खरा. इंदूरच्या अक्षांशावर तो जवळजवळ डोक्यावरून जातो, आणि दहाव्या प्रतीवरून दुसऱ्या प्रतीपर्यंत चढला (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा ठळक) तर रामबागेतल्या गच्चीवरूनही दिसेल; त्यासाठी जानापावच्या डोंगरावर जायची गरज नाही. पण नुसतं दिसून भागत नाही, ते सिद्ध करावं लागतं.

ही अडचण जुनीच. ११ नोव्हेंबर १५७२ च्या संध्याकाळी डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेला शर्मिष्ठा तारकासमूहात अनोळखी ठळक तारा दिसला, तेव्हा त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याने बरोबरच्या नोकरांना विचारलं, मग रस्त्याने चाललेल्या गावकऱ्यांना थांबवून विचारलं. त्यांनाही तारा दिसत होता. मग शेजारच्या ताऱ्यांपासूनची त्याची अंतरं तो महिनोन्‌महिने मोजत राहिला. जवळचा असता तर तो शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेला दिसला असता; तारा तसूभरही सरकला नाही, म्हणजे तो चंद्राच्या कितीतरी पलीकडचा. आधी साक्षीदार, मग मोजमाप. हा क्रम आजही तोच आहे.

१६०४ मध्ये भुजंगधारीत असाच तारा केप्लरने अभ्यासला. पाचच वर्षांनी गॅलिलिओने आकाशाकडे दुर्बीण रोखली, आणि नेमकं त्यानंतर आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना ठळक दिसेल असा सुपरनोवा, म्हणजे तारा उद्ध्वस्त करणारा स्फोट, आजवर झालेला नाही. आपल्या शेजारी उज्जैनला माळव्याचा सुभेदार असताना सवाई जयसिंगाने वेधशाळा बांधली ती अठराव्या शतकात. भित्तियंत्र, दिगंशयंत्र ही साधनं टायकोसारखा वेध घेण्याच्या तोडीची होती; नशिबी सुपरनोवा नव्हता, इतकंच.

दुर्बिणीतून पहिला सापडला तो १८८५ मध्ये, देवयानीच्या तेजोमेघात. एस्टोनियातल्या डोर्पाट वेधशाळेत हार्टविगने त्याची दखल घेतली. प्रत होती सुमारे सहावी. देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा वेगळा प्रचंड समूह, आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे हा साधाच नोवा समजला गेला. इतका तेजस्वी दिसतो त्याअर्थी देवयानी जवळच असणार, असा उलटा युक्तिवादही पुढे झाला.

हा गुंता सुटला तो एका काचेवर. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून खगोलशास्त्रज्ञ हबलने देवयानीची प्लेट, म्हणजे काचेवरचा फोटो, घेतली आणि तीन ठिपक्यांपाशी शाईने ‘एन’ लिहिलं: नोवा. जुन्या प्लेटांशी ताडून पाहिल्यावर त्यातला एक ठिपका पूर्वीही होता आणि त्याचं तेज कमीजास्त होत होतं असं आढळलं. त्याने ‘एन’वर काट मारून ‘व्हीएआर!’ लिहिलं, म्हणजे रूपविकारी तारा. तो सेफिड, म्हणजे तेज बदलण्याच्या कालावधीवरून ज्याचं अंतर काढता येतं असा तारा, निघाला, त्यावरून देवयानीचं अंतर कळलं, आणि १८८५ चा भडका साध्या नोव्हाच्या हजारो पट मोठा होता हे उघड झालं. माझ्या मते पडताळणीत नोवा ‘बाद’ होण्याचा इतका मोलाचा प्रसंग दुसरा नाही. त्याच १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली उज्जैनची वेधशाळा दुरुस्त करून घेतली, हा निव्वळ योगायोग.

पुढे १९३४ मध्ये बाडे आणि झ्विकी यांनी सुपरनोवा हा वेगळा वर्ग मांडला. नोव्हामध्ये श्वेतबटूवर (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्यावर) जोडीदार ताऱ्याकडून साचलेला हायड्रोजन पेटतो आणि श्वेतबटू शाबूत राहतो, म्हणून तो पुन्हा भडकू शकतो. सुपरनोव्हात ताराच उद्ध्वस्त होतो.

हा फरक वर्णपटातून, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार फोड करून, कळतो. टी कोरोनी बोरियालिस १८६६ मध्ये भडकला तेव्हा हगिन्सला त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या तेजस्वी रेषा दिसल्या. नोव्हाचा वर्णपट प्रथमच पाहिला गेला होता. (त्यानंतरचा भडका १९४६ चा.) १९४१ मध्ये मिन्कोव्स्कीने सुपरनोव्हांचे दोन प्रकार पाडले तेही याच रेषांवरून: पहिल्या प्रकारात हायड्रोजन नाही, दुसऱ्यात आहे.

१९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत नुसत्या डोळ्यांना दिसलेल्या १९८७ ए या सुपरनोव्हाचं काय, असं कुणी विचारेलच. तो इतका दक्षिणेला होता की इंदूरच्या क्षितिजावर कधी आलाच नाही. चिलीत शेल्टनला प्लेटवर ठिपका दिसला तेव्हा त्याला आधी प्लेटच सदोष वाटली. बाहेर येऊन त्याने नुसत्या डोळ्यांनी खात्री केली.

आता प्लेटांची जागा सीसीडीने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने, घेतली आहे. नव्या चित्रातून जुनं वजा करायचं, उरलेला ठिपका लघुग्रह किंवा नोंद असलेला रूपविकारी तारा नाही ना हे बघायचं, आणि दुसरं चित्र घेऊन मगच कळवायचं. सुपरनोव्हाच्या संशयितांची नोंद आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या यंत्रणेत ‘एटी’ (खात्री न झालेली क्षणिक घटना) म्हणून होते. वर्णपटातून खात्री पटली की ‘एसएन’, म्हणजे सुपरनोवा. १९ मे २०२३ ला जपानचे हौशी निरीक्षक इतागाकी यांनी एम १०१ दीर्घिकेत टिपलेल्या २०२३ आयएक्सएफ या सुपरनोव्हाचा वर्णपट काही तासांत आला, आणि तो दुसऱ्या प्रकारचा ठरला. लडाखमधल्या हानले इथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीनेही त्याचा पाठपुरावा केला. पण इतकं भाग्य थोड्यांनाच. स्वयंचलित दुर्बिणी वर्षाला हजारो ठिपके पकडतात आणि वर्णपट घेऊ शकणाऱ्या दुर्बिणींचा वेळ तुटपुंजा, त्यामुळे बहुतेक संशयित ‘एटी’ म्हणूनच विझून जातात.