पैसे कधी मिळतात, बुडाले तर कोणाचे: नाशिकमधून दिसणारी बँकिंगची पार्श्वभूमी

पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १,९०० वर्षांपूर्वी तो कोरवून घेतला. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, मिळून ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक या व्याजाने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० चं व्याज महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्खूंना कापडासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशोब बरोबर जुळतो. लेखात पुढे असंही म्हटलं आहे की हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर केला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला.

हे वाचताना मला गहिवरून येतं. गंगापूर रस्त्याला आजही गोवर्धन गाव आहे आणि तिथल्या ठेवीदाराच्या अपेक्षा त्याच आहेत. पैसे ठरल्या वेळी हातात पडावेत आणि बुडाले तर भरून कोण देणार हे आधीच ठरलेलं असावं. पहिली अपेक्षा बऱ्याच अंशी तंत्रज्ञानाने पुरी केली. दुसरी कायद्यावर सोपवावी लागली, आणि कायदा जवळजवळ दर वेळी कुणीतरी बुडाल्यानंतर आला.

जिल्ह्याचं पैशाशी नातं जुनं आहे. चांदवडला टांकसाळ होती, तिथले चांदोरी रुपये दूरवर चालत. नाशिकरोडला १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली करन्सी नोट प्रेस सुरू झाला. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडमधून छापून यायच्या. रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला, म्हणजे मध्यवर्ती बँक अस्तित्वात येण्याच्या सात वर्षं आधीपासून नाशिकरोडला नोटा छापल्या जात होत्या.

१९६० साली केरळात पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि त्या धक्क्यातून १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. संरक्षण होतं प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत. सहकारी बँका १९६६ मध्ये बँकिंग नियमन कायद्याखाली आल्या आणि १९६८ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी ठेव विम्याचंही दार उघडलं. पण त्यांच्यावर देखरेख दोघांची राहिली. बँकिंगचा भाग रिझर्व्ह बँकेकडे, संचालक मंडळ आणि निवडणुका सहकार निबंधकाकडे. या दुहेरी कारभारात जबाबदारी कुठे झिरपून जायची ते पुढे पन्नास वर्षं दिसत राहिलं. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आमच्या निफाड तालुक्यात मात्र शेतकऱ्याचं खरं नातं विकास सोसायटी आणि जिल्हा बँकेशीच होतं.

त्या काळातली शाखा आठवते. वडिलांबरोबर जायचो. स्लिप भरून दिली की पितळी टोकन मिळायचं. क्लार्क कापडी बांधणीचं जाड लेजर उघडून पान शोधायचा, सही पडताळायचा, मग लेजर आणि स्लिप अधिकाऱ्याच्या टेबलावर. टोकनचा नंबर पुकारला जाईपर्यंत तास-दीड तास सहज जायचा. पासबुक भरून घ्यायला उद्या या, हे ठरलेलं उत्तर. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला, तेव्हा संघटनांनी विरोध केला. नोकऱ्या जातील ही त्यांची भीती खोटी नव्हती, म्हणून करारमदार होत होत संगणक हळूहळू आले. आधी लेजर पोस्टिंग मशीन, ज्याला बँकेतली माणसं एएलपीएम म्हणत, आणि कितीतरी वर्षांनी कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर. माझ्या मते सगळ्यांत मोठा बदल कोअर बँकिंगने केला. त्याआधी खातं शाखेचं असायचं, आता ते बँकेचं झालं.

शेअर बाजारातही हाच क्रम दिसतो. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँकांच्या कागदी पावत्यांचा गैरवापर उघड झाला आणि त्याच वर्षी सेबीला, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेला, कायद्याचं बळ मिळालं. १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने उपग्रहाद्वारे जोडलेले टर्मिनल आणले, त्यामुळे सौदा करायला मुंबईच्या दलालाला फोन लावण्याची गरज संपत गेली. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागदी शेअर सर्टिफिकेट डीमॅटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीत, गेली. सौद्याचे पैसे आणि शेअर दुसऱ्याच दिवशी मिळण्याची सोय जानेवारी २०२३ मध्ये सगळ्या शेअरना लागू झाली.

आता नोव्हेंबर २०१६. या काळाबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही. ८ तारखेच्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण मूल्याचा सुमारे ८६ टक्के भाग त्या नोटांमध्ये होता. नवी ५०० ची नोट नाशिकरोडला आणि मध्य प्रदेशात देवासला छापली जात होती. नोटांचा आकार बदलल्यामुळे एटीएमचे कप्पेही नव्याने जुळवावे लागले. आमच्याच जिल्ह्यात रात्रंदिवस नोटा छापल्या जात होत्या आणि त्याच जिल्ह्यातल्या गावांमध्ये हातात पैसा नव्हता. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने देशभरातल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास आणि बदलून देण्यास मनाई केली. ग्राहकांची ओळखपडताळणी आणि काळ्या पैशाबद्दलच्या शंका हे कारण होतं. शंका निराधार होत्या असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं एकमेव खातं जिल्हा बँकेत, त्याने कुठे जायचं? या बँकांनी आधीच्या चार दिवसांत घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायला परवानगी मिळाली जून २०१७ मध्ये. तोवर ती रक्कम बँकांच्या तिजोरीत निव्वळ कागद होऊन पडून होती.

लासलगावच्या बाजार समितीत जुनी रीत अशी की लिलाव झाला, वजन झालं की हिशोबपट्टी आणि तिच्याबरोबर रोख. त्या हिवाळ्यात रोखीच्या जागी चेक आला. आम्हाला मिळालेला एक चेक दोनदा न वटता परत आला. पहिल्यांदा सहीचं कारण, दुसऱ्यांदा खात्यात पैसे नाहीत. चेक न वटणं हा एप्रिल १९८९ पासून फौजदारी गुन्हा आहे, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८. पण नोटीस द्या, पंधरा दिवस थांबा, मग निफाडच्या कोर्टात तारखा घ्या. दहा क्विंटल कांद्यासाठी कोण जातो? वडील त्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर चार खेपा घालून पैसे घेऊन आले.

तोवर एका खात्यातून दुसऱ्या बँकेतल्या खात्यात थेट पैसे पाठवायचे मार्ग तयार होते. आरटीजीएस २००४ पासून, एनईएफटी २००५ पासून, आयएमपीएस २०१० पासून. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं होतं. तरी एनईएफटी सुट्टीच्या दिवशी बंद असायचं. डिसेंबर २०१९ मध्ये ते चोवीस तास झालं आणि वर्षभराने आरटीजीएसही. आता कांद्याची पट्टी घरी पोहोचायच्या आधी मोबाइलवर मेसेज येतो. चार खेपा वाचल्या, हे मी कधी विसरणार नाही.

वेग वाढला तरी बुडण्याचा प्रश्न शिल्लकच होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. एका बांधकाम समूहाचं कर्ज हजारो बनावट खात्यांआड लपवलेलं होतं, असं तपासात पुढे आलं. कोअर बँकिंग असूनही हे घडलं, कारण संगणकाला जे दाखवलं तेवढंच तो दाखवतो. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. एक लाखाचा आकडा १९९३ पासूनचा होता. त्याच वर्षी कायदा बदलून सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. एक गोष्ट मात्र गावोगावी ओरडून सांगावीशी वाटते. पतसंस्था म्हणजे बँक नाही, हा पाच लाखांचा विमा तिथल्या ठेवीला लागू नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीचे पैसे पतसंस्थेत ठेवणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीतच नसतं.

मोबाइलवरच्या चोरीसाठी रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे पळवले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची झळ. ओटीपी स्वतःच सांगून बसलात तर तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. या मजकुराचा फलक मी अजून एकाही शाखेच्या दर्शनी भागात ठळक लावलेला पाहिला नाही. आईच्या पासबुकाच्या प्लास्टिक कव्हरात वडिलांनी एक चिठ्ठी घालून ठेवली आहे. जाड स्केचपेनने तीन ओळी लिहिल्या आहेत (त्यातला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन नंबर): ओटीपी सांगायचा नाही. १९३० ला फोन. तीन दिवसांच्या आत बँकेत.