सुरूच्या बनातून किनाऱ्यावर: तिथी पाहून आखायची चार किलोमीटरची फेरी

खानदेशातून समुद्रावर जायचं ठरलं की आधी गाडीचं आरक्षण पाहिलं जातं, मग सुट्ट्या. तिसरी गोष्ट स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली असते आणि नेमकी तीच पाहायची राहून जाते. ती म्हणजे तिथी. दोन महिने आधी तिकिटं काढून, रात्रभर प्रवास करून किनाऱ्यावर पोचावं आणि फिरायच्या वेळेलाच पाणी सुरूच्या झाडांपर्यंत चढलेलं असावं, हे टाळायला साधा पाऊणकीचा हिशेब पुरतो.

फेरी सोपी आहे. किनाऱ्याला समांतर असलेल्या सुरूच्या बनात एका टोकाने शिरायचं, सावलीतून दोन किलोमीटर जायचं, मग आडवं वळून पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूवर, उतरायचं आणि ओल्या वाळूवरून दोन किलोमीटर परत यायचं. चढ नाही, दगड नाहीत. थांबत-पाहत गेलं तरी दीड तास. आजी-आजोबांना आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना झेपेल अशी. जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडून सुरतेच्या लोहमार्गाने उतरणाऱ्यांना डहाणू-बोर्डीचा पट्टा सोयीचा. मुंबईवरून जाणाऱ्यांना केळवे किंवा काशीद, आणि हातात दिवस जास्त असतील तर गुहागर.

आता तिथी. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटेही तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला साधारण अकरा-बाराला. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, आकडा तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. यामागचं कारण असं की चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते. तिथीमागे पाऊण तास धरला की हिशेब जवळपास जुळतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून जायच्या आदल्या दिवशी त्या ठिकाणचं भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर पाहायचंच. तिथी लागते ती तिकीट काढताना.

आपल्याला सकाळी आठ-साडेआठला ओहोटी हवी. म्हणजे भरती दोन-सव्वादोनला, म्हणजे तृतीया. एक तिथी मागे-पुढे धरली तर द्वितीया ते चतुर्थी. महिन्याच्या दोन पक्षांत मिळून असे सहाच दिवस. या दिवसांचा आणखी एक फायदा आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, भरती मोठी येते आणि ओहोटीही खोल जाते. हे उधाण नेमकं त्या दिवशी नाही, तर एक-दोन दिवसांनी कळसाला पोचतं. म्हणून द्वितीया-तृतीयेला पुळण सर्वांत रुंद मिळते. संध्याकाळी फिरायचं असेल तर त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या बरी. तेव्हा ओहोटी चार ते साडेपाचच्या दरम्यान येते. अष्टमी मात्र टाळावी. ओहोटी भर दुपारी बाराला आणि तीही भांगाची, म्हणजे पाणी फारसं मागे न सरकणारी. दक्षिणेला रत्नागिरीकडे भरती मुंबईच्या थोडी आधी येते आणि उत्तरेला खंबातच्या आखाताकडे उशिरा पोचते. त्यामुळे डहाणू-बोर्डीला प्रतिपदाही चालून जाते.

बनात शिरल्यावर पहिल्याच झाडापाशी थांबावं. लोक याला ‘पाइन’ म्हणतात, आणि दिसतंही तसंच: सुईसारखी पानं, खाली पडलेले छोटे शंकू, वाऱ्याचा तोच सुस्कारा. पण हे पाइनच्या कुळातलं झाडच नाही. सुरू हे नावही उसनं आहे. फारसीत ‘सर्व’ म्हणजे सायप्रसचं झाड, त्याच्याशी साम्य दिसलं म्हणून ते चिकटलं. शास्त्रीय नाव कॅज्युरिना इक्विसेटिफोलिया. ही आंब्या-चिंचेसारखी फुलं येणारी वनस्पती आहे. मूळची ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरची, आणि आपल्याकडे १८६८ च्या सुमारास कारवारच्या बाजूला लावायला सुरुवात झाली.

खात्री करायची रीत सोपी. एक ‘सुई’ तोडून हातात घ्या आणि दोन्ही टोकांनी हलकेच ओढा. ती टक्कन सांध्यावर सुटते. सुटलेलं टोक परत खाचेत बसवलं तर बसतंही. मुलांना दोन जणांनी हा खेळ खेळायला द्यावा: मी जोडलेली सुई कुठे तुटली होती ते ओळख. सांध्याजवळ डोळे नेले की बारीक दातेरी कडं दिसतं, साधारण सहा ते आठ दातांचं. तेच सुरूचं खरं पान. जिला आपण सुई समजतो ती हिरवी डहाळी आहे. पानं एवढी आखडून घेतली की बाष्पीभवनाला पृष्ठभागच उरला नाही. खाऱ्या वाऱ्यात आणि पाणी न धरणाऱ्या वाळूत तग धरायची ही युक्ती. हिमालयातल्या चिर पाइनच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात येतात, बुडाशी एक पातळ वेष्टन असतं आणि त्या अशा सांध्यावर सुटत नाहीत.

वाळूत नत्र जवळजवळ नसतो. मग एवढं उंच झाड खातं काय? एखादं मूळ उघडं पडलेलं दिसलं तर त्यावर बोराएवढे किंवा त्याहून मोठे खडबडीत गुच्छ सापडतील. हरभरा उपटल्यावर मुळांवर ज्या गाठी दिसतात, त्याच जातीचं काम इथे चालतं, फक्त जिवाणू वेगळा. हरभऱ्यात रायझोबियम, सुरूत फ्रँकिया. दोघंही हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. हरभऱ्याच्या गाठी एका हंगामाच्या, सुरूच्या वर्षानुवर्षं वाढतात.

बनात वाऱ्याचा जो आवाज येतो तोही मोजता येतो. बारीक गोल काडीवरून वारा गेला की तिच्यामागे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात आणि त्यांच्या तालावर स्वर उमटतो. वाऱ्याच्या वेगाला काडीच्या जाडीने भागायचं आणि ०.२ ने गुणायचं. डहाळीची जाडी ०.७ मिलिमीटर आणि वारा सेकंदाला ३ मीटर धरला तर सुमारे ८५० हर्ट्झ येतात, म्हणजे हार्मोनियमच्या वरच्या सप्तकातला स्वर. प्रत्येक डहाळीची जाडी आणि तिच्यापाशी पोचणारा वारा थोडा वेगळा, म्हणून एकच सूर न ऐकू येता सुस्कारा ऐकू येतो. वारा वाढला की तो चढतो. डोळे मिटून ऐकलं तर झुळूक येतेय की जातेय हे कळतं.

ही झाडं किनाऱ्यावर का लावली, हे केळीवाल्याला सांगावं लागणार नाही. रावेर-यावलला बागेभोवती शेवरी लावतात, तेच कारण. दाट भिंतीपेक्षा थोडी झिरपणारी झाडांची रांग वारा चांगला अडवते. भिंतीमागे हवा घुसळते, रांगेमागे मात्र वेग शांतपणे उतरतो आणि झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी आडोसा जाणवतो. किनाऱ्यावर त्यात उडणारी वाळूही अडते. पण बन म्हणजे जंगल नव्हे. खाली सुयांचा जाड थर साचतो, त्यात दुसरं फारसं काही उगवत नाही, पक्षीही कमीच. मुळं वरवर पसरलेली असली तर वादळात ही झाडं उन्मळतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा नारळी-पोफळींबरोबर सुरूही मोठ्या संख्येने आडवे झाले. वाळकी फांदी डोक्यावर लटकलेली असेल तर त्याखाली शिदोरी सोडू नये. बिडी-सिगारेट तर मुळीच नको, तो थर चटकन पेट घेतो.

बनातून पुळणीवर उतरताना बहुतेकांची एकच चूक होते. समुद्राकडून पाहिलं की सुरूची रांग सगळीकडे सारखीच दिसते आणि परतीची वाट सापडत नाही. म्हणून फेरी सुरू करताना आधी पुळणीवर पन्नास पावलं जाऊन मागे वळून पाहावं आणि एखादी खूण धरून ठेवावी: पाण्याची टाकी, मंदिराचा कळस, वाकडं झाड. मोबाइलवर ते ठिकाण जतन केलं तर उत्तम. सुरूच्या फळांचे टोकदार शंकू तळव्यात रुततात, तेव्हा बनात बूट-चपला घालूनच चालावं.

सकाळी आधी बन आणि मग किनारा, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सूर्य झाडांच्या मागून वर येतो. तो २० अंशांवर असताना १५ मीटरच्या झाडाची सावली ४० मीटर लांब पडते, ती थेट पुळणीवर. शिवाय आपण वाळूवर उतरतो तेव्हा पाणी अजून मागे सरकत असतं. सातला निघालं तर पावणेआठपर्यंत पुळण गाठता येते आणि नऊच्या आत फेरी संपते.

वाळूचे तीन पट्टे असतात. वरची कोरडी वाळू पाय ओढते. तिच्यावर चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. मधली दमट वाळू चालायला सर्वांत चांगली. कणांमध्ये पाण्याचे बारीक पूल असतात आणि ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. अगदी पाण्याकाठची चिंब वाळू पुन्हा मऊ, कारण कणांमधली सगळी जागा पाण्याने भरली की ते पूलच उरत नाहीत. याच मधल्या आणि खालच्या पट्ट्याच्या सीमेवर पाऊल टाकून खाली पाहा. पावलाभोवती वाळू क्षणभर पांढरट, कोरडी होते. दाबाने पाणी पिळून निघालं असं वाटतं, पण घडतं उलट. घट्ट बसलेले कण सरकायला लागले की एकमेकांवर चढतात, मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत शोषलं जातं. पाऊल उचललं की कण पुन्हा बसतात आणि ठशात पाणी साचतं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये हे स्पष्ट केलं.

ओहोटीच्या दमट वाळूवर ज्वारीएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसेल. मध्ये एक भोक, त्यातून निघणाऱ्या ओळी. वाळू तोंडात घेऊन त्यातलं अन्न खरवडून उरलेली गोळी मागे टाकणाऱ्या चिमुकल्या खेकड्यांचं हे काम. वरच्या बाजूची वाळू पाण्यातून आधी उघडी पडते, म्हणून तिथली रांगोळी मोठी आणि पाण्याजवळची लहान. नुसत्या आकारावरून कुठली जागा किती वेळ उघडी आहे याचा अंदाज येतो.

धोका भरती वळल्यावर असतो, आणि तो पहिल्या तासात कळत नाही. सहा तासांत पाणी समान गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे चढतात. चढ ३ मीटरचा असेल तर पहिल्या तासात फक्त २५ सेंटिमीटर, पण तिसऱ्या तासात ७५. पुळणीचा उतार पन्नासाला एक असेल तर त्या एका तासात पाणी ३५-४० मीटर आत येतं. सपाट किनाऱ्यावर त्याच्या दुप्पट. आधी भरतात ते आपल्या मागचे सखल चर, समोरची वाळू कोरडीच दिसते. वाटेत ओढ्याचं किंवा खाडीचं तोंड लागलं तर ते ओलांडून पुढे जायचं नाही. जाताना घोटाभर असलेलं पाणी येताना कमरेला लागतं, आणि त्याला ओढही असते. वाळूवर निळसर फुगा पडलेला दिसला तर मेलेला वाटला तरी हात लावू नये. तो ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखा सागरी जीव. त्याचे दंश करणारे धागे वाळल्यावरही डसतात.

जळगावचं ४५ अंशांचं ऊन सोसणाऱ्याला किनाऱ्यावरचे ३३ अंश म्हणजे गारवा वाटतात. इथेच फसगत होते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम आला की उडतो आणि अंग थंड करतो. किनाऱ्यावर तो अंगावरच निथळत राहतो, पाणी आणि मीठ जातं पण गारवा मिळत नाही. माणशी एक लिटर पाणी, त्यातलं निम्मं लिंबू-मीठ घातलेलं, एवढं चार किलोमीटरला लागतंच.

एक लिंबू जास्त घ्यावं आणि एक जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक. लिंबाचा रस शंख-शिंपल्यांच्या चुऱ्यावर पिळला की बारीक बुडबुडे येतात, कारण तो कॅल्शियम कार्बोनेट आहे. काळ्या कणांवर काहीच होत नाही. त्यांच्यासाठी चुंबक. निघण्याआधी तापीच्या किंवा गिरणेच्या पात्रातली मूठभर वाळू वाळवून त्यावर फिरवून पाहावा. केसाळ काळा थर चिकटतो, तो मॅग्नेटाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेल्या काळ्या पाषाणातला. तोच पाषाण सह्याद्रीचा, तोच सातपुड्याच्या आपल्याकडच्या रांगांचाही बराचसा. म्हणून कोकणच्या पुळणीवरही चुंबकाला काळे कण लागतात, आणि तापी जिथे समुद्राला मिळते त्या सुरतेजवळच्या किनाऱ्यावर तर वाळूच काळपट आहे. मुलताईपासून ७२४ किलोमीटरच्या वाटेत आता हतनूर आणि उकाई ही धरणं आडवी आहेत, त्यामुळे आज खानदेशातून निघालेली वाळू समुद्रापर्यंत सहजी पोचत नाही. किनाऱ्यावरची काळी वाळू बरीचशी जुनी आहे.

चुंबक मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच फिरवावा. पिशवी उलटी केली की कण आपोआप तिच्यात गोळा होतात. उघड्या चुंबकाला एकदा चिकटले की ते निघता निघत नाहीत.